युरेथेनचं चाक लेथवर कसं कापतात? धार, गारवा आणि आकाराचं गणित

स्केटबोर्ड, रोलर कोस्टर, गोदामातला पॅलेट ट्रक, सरकत्या जिन्याच्या पायऱ्या. या सगळ्यांची चाकं कधी जवळून पाहिली आहेत का? बहुतेक वेळा ती लोखंडाचीही नसतात आणि साध्या रबराचीही नसतात. हाताला रबरासारखी लागतात, पण अंगठ्याने दाबली तर सहजासहजी दबत नाहीत. हे मटेरियल म्हणजे पॉलियुरेथेन. कारखान्यांत त्याला नुसतं ‘पीयू’ म्हणतात.

आता त्या चाकाचा आकार बघा. कुठे कडा गोल केलेली असते, कुठे मधोमध खाच असते, कुठे रोलर मध्ये किंचित फुगीर असतो, तर कुठे डमरूसारखा मध्ये बारीक. हा आकार थेट साच्यातून येत असेल असं आपल्याला वाटतं. पण बऱ्याचदा साच्यातून साधा जाड गोळा निघतो आणि खरा आकार लेथ मशीनवर कापून काढला जातो.

गंमत म्हणजे वर्षानुवर्षं लोखंड कापणारा कसलेला टर्नरसुद्धा पहिल्यांदा पीयूचा रोलर चकमध्ये बांधतो, तेव्हा जॉब बिघडण्याची चांगलीच शक्यता असते. कधी जॉबवर ओरखडे उठतात, कधी माप चुकतं, कधी गोल चाक तिकोनी होतं. असं का होतं आणि ते कसं टाळतात, हे आज समजून घेऊ.

पीयू आलं कुठून?

पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. आडनाव बायर असलं तरी बायर कंपनीच्या संस्थापक घराण्याशी त्यांचं नातं नव्हतं. पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन रसायनं एकमेकांत मिसळली की त्यांची लांबलचक साखळी तयार होते. कोणती रसायनं घेतली आणि ती कशी मिसळली यावर पुढे काय होणार ते ठरतं. यातूनच गादीचा फोम बनतो, बुटाचा तळ बनतो आणि टनावारी वजन पेलणारं चाकही बनतं.

चाकांच्या जगात पीयूचं नाव झालं ते अमेरिकेत. १९६०च्या दशकात स्केटबोर्डला ‘क्ले’ म्हणून ओळखली जाणारी टणक चाकं असायची. रस्त्यात छोटासा खडा आला तरी चाक अडायचं आणि पोरगं तोंडावर आपटायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातल्या एका कारखान्यात रोलर स्केटसाठी बनलेली युरेथेनची चाकं स्केटबोर्डला लावून बघितली. पुढे कॅलिफोर्नियात त्याने ती ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने विकायला सुरुवात केली. ही चाकं रस्ता पकडून ठेवत आणि बारीक खडे सहज ओलांडत. स्केटबोर्डिंगचं रूपच त्यामुळे पालटलं.

चांगल्या प्रतीची बरीचशी स्केटबोर्ड चाकं आजही अशीच बनतात. साच्यात ओतून जरा मोठा गोळा तयार करायचा, तो पक्का झाला की लेथवर कापून कडा आणि व्यास नेमका करायचा.

‘९० ए’ म्हणजे काय?

पीयूची ऑर्डर देताना पहिला प्रश्न येतो हार्डनेसचा. तो मोजायचं साधन म्हणजे ड्युरोमीटर. एक बोथट टोक ठरावीक जोराच्या स्प्रिंगने मटेरियलवर दाबलं जातं. टोक २.५ मिलिमीटर आत शिरलं तर आकडा ०, अजिबात शिरलं नाही तर १००. रबरासारख्या मटेरियलसाठी ‘शोर ए’ आणि त्याहून कडक मटेरियलसाठी ‘शोर डी’ अशा पट्ट्या वापरतात.

मोटारीच्या टायरचा रस्त्याला लागणारा भाग साधारण ६० ते ७० ए असतो. आरामात फिरायच्या स्केटबोर्डची चाकं ७८ ते ८७ एच्या आसपास, तर कसरतींसाठीची ९९ ए किंवा त्याहून कडक. कारखान्यातल्या रोलरमध्ये ८० ते ९५ ए हे आकडे नेहमी दिसतात.

हा आकडा लेथवाल्यासाठी फार मोलाचा असतो. ९५ एचा जॉब आला तर काम बरंचसं सरळ असतं. ८० एच्या खाली गेलं की कापणं अवघड होत जातं. ६० एचा जॉब तर नेहमीच्या टूलने नीट कापलाच जात नाही, त्याला वेगळी पद्धत लागते.

चाकाला आकार लागतोच कशाला?

वेगवेगळ्या आकारांची कामं वेगळी आहेत.

फुगीर रोलर: सपाट पट्टा रोलरवर फिरताना हळूहळू बाजूला सरकतो. रोलर मधोमध किंचित फुगीर ठेवला की पट्टा आपोआप मध्यावर येतो, कारण फिरणारा पट्टा नेहमी मोठ्या व्यासाच्या दिशेने चढतो. हा फुगवटा इतका कमी असतो की डोळ्यांना पटकन दिसतही नाही.

व्ही खाच: पाइप किंवा गोल सळई यात बसली की दोन्ही भिंतींना एकेका जागी टेकते आणि इकडेतिकडे हलत नाही. वेगवेगळ्या व्यासांचे पाइप एकाच रोलरवर चालवता येतात, हा मोठा फायदा. तोटा असा की सगळा भार त्या दोन जागांवरच येतो.

डमरू: मध्ये गोलाईने खोलगट. पाइपच्या अंगाला लागून बसतो, त्यामुळे भार पसरतो आणि पाइपवर वळ उठत नाहीत.

गोल कडा: काटकोनातली कडा आधी झिजते, मग तुटते. तिला थोडी गोलाई दिली की चाक जास्त टिकतं.

यात एक बारीक मुद्दा आहे. समजा एका डमरू रोलरचा तळाशी व्यास ८० मिलिमीटर आहे आणि कडेला ११०. रोलर एक फेरा मारतो तेव्हा कडेचा भाग तळापेक्षा सुमारे ३७ टक्के जास्त अंतर कापतो. पाइप मात्र एकाच वेगाने पुढे जात असतो. म्हणजे पाइप तळाला आणि कडेलाही टेकत असेल तर कुठेतरी घासाघीस होणारच. ही घासाघीस पीयूला तापवते आणि खाते. म्हणून खाचेची गोलाई पाइपच्या गोलाईपेक्षा थोडी मोठी ठेवतात. पाइप मुख्यतः तळाशी टेकतो आणि कडा मोकळ्या राहतात.

इथे आणखी एक फसगत होते. ‘दोन इंची पाइप’ म्हटलं की दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर असा हिशोब मांडला जातो. प्रत्यक्षात दोन इंची स्टील पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो. म्हणजे खाचेची त्रिज्या ३०.१५ मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त, समजा ३१ ते ३२, ठेवावी लागेल. ५०.८च्या हिशोबाने खाच कापली तर पाइप आत बसणारच नाही, दोन्ही कडांवर तरंगेल. महागडा रोलर पहिल्याच दिवशी भंगारात.

लेथवर अडतं कुठे?

बोथट सुरीने पिकलेला टोमॅटो कापून बघा. सुरी आत शिरण्याआधी टोमॅटो दबतो, घसरतो आणि मग फाटतो. पीयूचं अगदी तसंच आहे.

पोलाद पीयूपेक्षा हजारो पट ताठ असतं. टूल टेकलं की पोलाद जागा सोडत नाही, म्हणून टूल त्यात शिरतं. पीयू आधी दबून मागे सरतं, टूल पुढे गेलं की पुन्हा वर येतं. तुम्ही १ मिलिमीटरचा कट दिलात, पण प्रत्यक्षात त्याहून कमी मटेरियल निघालं, असं सारखं होतं.

दुसरी अडचण, पीयू दबलं तरी त्याचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. इथे दाबलं की शेजारी फुगतं. पाण्याने भरलेला फुगा बोटाने दाबल्यासारखं. टूलच्या पुढे छोटी लाट तयार होते आणि तीच पृष्ठभागावर वेडेवाकडे ठसे उमटवते.

तिसरी अडचण उष्णतेची. पीयूमधून उष्णता पोलादाच्या तुलनेत शेकडो पट कमी वाहते. त्यामुळे घर्षणाची उष्णता कापण्याच्या जागीच साचते. पृष्ठभाग चिकट होतो, टूलला लगदा लागतो. वर पीयू तापल्यावर पोलादापेक्षा दहापट किंवा त्याहूनही जास्त प्रसरण पावतं. २०० मिलिमीटर व्यासाचं भरीव पीयूचं चाक २० अंशांनी तापलं तर त्याचा व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर वाढू शकतो. गरम असताना माप बरोबर आलं म्हणून जॉब उतरवला, तर सकाळी तो लहान भरणार!

मग कापायचं कसं?

पहिला नियम धारेचा. टूल दाढीच्या पात्यासारखं धारदार हवं. हाय स्पीड स्टीलचं टूल घासून, वर ऑइलस्टोनने धार लावून वापरतात. कार्बाइड हवं असेल तर ॲल्युमिनियमसाठी मिळणारे, कोटिंग नसलेले चकचकीत इन्सर्ट घेतात. पोलादासाठीच्या इन्सर्टची कडा मुद्दाम किंचित बोथट केलेली असते, म्हणजे ती तुटत नाही. पीयूवर तीच कडा घातक ठरते, कारण ती कापण्याऐवजी रेटते. टूलचा वरचा उतार, म्हणजे रेक, पोलादाच्या टूलपेक्षा बराच जास्त ठेवतात आणि खालची बाजूही जास्त मोकळी करतात. दबून पुन्हा वर येणारं पीयू टूलच्या पोटाला घासू नये, हा त्यामागचा हेतू.

दुसरा नियम, कट कंजूषपणे घेऊ नका. लोखंडावर शेवटचा हात म्हणून अगदी बारीक कट घेतात. पीयूवर असा कट घेतला तर टूल नुसतं वरून घासत जातं, कापत काहीच नाही. पात्याला मटेरियलमध्ये शिरायला पुरेल एवढी खोली द्यावीच लागते. शेवटच्या कटासाठी किती मटेरियल शिल्लक ठेवायचं हे आधीच ठरवलेलं बरं.

तिसरा नियम आकाराबद्दलचा. लोखंडावर गोल खाच पाडायची तर त्याच आकाराचं ‘फॉर्म टूल’ घासतात आणि सरळ आत दाबतात. पीयूवर रुंद फॉर्म टूल एकाच वेळी मोठ्या जागेवर दाब देतं. मटेरियल पळतं, जॉब थरथरतो आणि खाच फाटल्यासारखी दिसते. कडक पीयूमधली अरुंद खाच त्याने निघते. रुंद आकारासाठी मात्र टोकदार टूल वापरून तो आकार रेषेरेषेने काढतात. सीएनसी लेथवर हे सोपं पडतं, कारण टूलचा मार्ग प्रोग्रॅममध्येच असतो. साध्या लेथवर पत्र्याचा नमुना कापून त्यावरून टूल फिरवणारी कॉपी अटॅचमेंट किंवा गोलाई कापायची अटॅचमेंट लावतात.

आपल्या डमरू रोलरचं काम असं चालेल. आधी जिन्याच्या पायऱ्यांसारखे टप्पे पाडून बरंचसं मटेरियल काढायचं. मग दोन्ही कडांकडून तळाकडे उतरत शेवटचा कट घ्यायचा. तळाकडून कडेकडे कापत गेलं तर कडेला पोचेपर्यंत मागे आधारच उरत नाही. तिथलं पीयू बाहेर वाकतं आणि कडा कुरतडल्यासारखी होते.

गारव्यासाठी हवेचा झोत किंवा पाण्यात मिसळणारं कूलंट वापरतात. वेग आणि फीडचे आकडे प्रत्येक ग्रेडला वेगळे असतात. बाजूच्या फालतू मटेरियलवर आधी करून बघणं सगळ्यात स्वस्त पडतं. निघणारा किस सलग, स्वच्छ रिबिनीसारखा येत असेल तर गाडी रुळावर आहे. भुकटी किंवा लगदा निघत असेल तर थांबून धार तपासायची.

पकडच जॉब बिघडवते

गोल चाक तिकोनी कसं होतं? तीन जबड्यांच्या चकमध्ये पीयूचं भरीव चाक बाहेरून आवळलं की ते तीन ठिकाणी दबतं. दबलेल्या अवस्थेत तुम्ही ते अगदी गोल कापता. चक सोडला की दबलेल्या जागा पुन्हा फुगतात आणि गोलाईचे तीन कोपरे होतात. मशीन उत्तम, टर्नर हुशार, तरी जॉब रिजेक्ट.

म्हणून शक्य असेल तिथे धातूच्या हबला किंवा शाफ्टला पकडतात. हब नसेल तर मँड्रेलवर चढवून दोन्ही बाजूंनी चकत्या लावतात, किंवा चाकाला सगळीकडून कवेत घेणारे रुंद जबडे वापरतात. लांब रोलरला टेलस्टॉकचा आधार लागतोच.

फारच मऊ असेल तर?

एक वाट ग्राइंडिंगची. लेथच्या टूलपोस्टवर ग्राइंडर बसवून, भरड दाण्याच्या चाकाने किंवा पट्ट्याने आकार घासून काढतात. बारीक दाण्याचं चाक लगेच भरून जातं आणि कापण्याऐवजी जाळू लागतं. ग्राइंडिंगमध्ये भुकटी उडते, तेव्हा ती ओढून घेणारी व्यवस्था हवीच.

दुसरी वाट गोठवण्याची. कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांवर असतो, द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर. एवढं थंड झालं की मऊ पीयू कडक होतं आणि थोडा वेळ नीट कापलं जातं. पण घाई करावी लागते, जॉब आकसलेला असतो म्हणून अंतिम माप तो नेहमीच्या तापमानाला आल्यावरच कळतं, आणि धातू व पीयू वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्याने त्यांच्या जोडावर ताण येतो. बंद खोलीत हे करणं धोक्याचं आहे. हे वायू खोलीतला प्राणवायू हटवतात आणि गुदमरायला होतं.

माप घेताना

व्हर्नियरचे जबडे जोरात दाबले तर पीयू दबतं आणि माप कमी येतं. म्हणून हलक्या हाताने मोजतात, परिघाला पट्टी गुंडाळून व्यास काढतात किंवा आकाराचा पत्र्याचा टेम्प्लेट लावून मागून उजेड बघतात. जॉब गार झाल्यावरच मोजायचा.

ड्रॉइंग देणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यायला हवं. बेअरिंगच्या सीटला शोभणारी ०.०२ मिलिमीटरची टॉलरन्स पीयूच्या अंगावर मागितली तर खर्च वाढतो, उपयोग काहीच होत नाही. उन्हातल्या आणि सावलीतल्या तापमानाच्या फरकानेच तो आकडा हलतो. इथे दशांश मिलिमीटरमध्ये बोलणं व्यवहार्य.

हात आणि फुप्फुसं जपा

पीयूचा किस लोखंडासारखा तुटून पडत नाही. तो लांबच लांब, चिवट पट्टी होऊन बाहेर येतो आणि फिरत्या चकभोवती गुंडाळला जातो. तो हाताने ओढायचा मोह होतो, आणि खरा अपघात तिथेच होतो. पट्टी तुटत नाही, बोटं मात्र आत खेचली जातात. मशीन थांबवूनच आकड्याने किस काढायचा. फिरत्या जॉबजवळ हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत, गळ्यात लोंबणारं काही नको.

दुसरा धोका धुराचा. पूर्ण पक्कं झालेलं पीयू गार राखून कापलं तर फारसा त्रास नसतो. पण ते जळू दिलं तर त्यातून आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघू शकतात. आयसोसायनेट म्हटलं की १९८४ची भोपाळ दुर्घटना आठवते. तिथे गळालेला मिथाइल आयसोसायनेट हा वेगळा, फार सहज उडणारा पदार्थ होता. चाकांच्या पीयूमध्ये तो नसतो, पण इथे वापरली जाणारी आयसोसायनेटंही त्याच कुळातली आहेत आणि त्यांच्यामुळे कामगारांना दमा जडू शकतो. म्हणूनच जुन्या हबवरचं पीयू जाळून काढणं हा अत्यंत वाईट शॉर्टकट आहे. ते लेथवर कापूनच काढावं.

काम देताना हे नक्की सांगा

भोसरी, अंबड किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडे पीयूचा जॉब घेऊन जाणार असाल, तर या गोष्टी लिहूनच द्या:

१. हार्डनेस किती, शोर ए की शोर डी.
२. पीयू पॉलिएस्टर प्रकारचं की पॉलिइथर. पॉलिएस्टर प्रकार दमट हवेत हळूहळू विरतो. कपाटात ठेवलेल्या बुटाचा तळ एके दिवशी भुगा होऊन पडतो, त्यामागे बहुधा हेच कारण असतं. कोकणासारख्या हवेत किंवा पाण्याशी संबंध असेल तिथे पॉलिइथर बरं.
३. रोलरवर काय चालणार आहे आणि त्याचा प्रत्यक्ष मोजलेला व्यास. पाइपचं नुसतं ‘इंची’ नाव नको.
४. भार किती, वेग किती. जास्त भार आणि जास्त वेग एकत्र आले की पीयू प्रत्येक फेऱ्याला दबून आतून तापतं. बाहेरून चाक ठणठणीत दिसतं आणि आतून वितळत असतं.
५. कोणती मापं खरोखर महत्त्वाची आहेत आणि कोणती साधारण चालतील.

लोखंड कापताना ताकद कामी येते. पीयू ताकदीला दाद देत नाही, जोर लावाल तेवढं ते पळतं. धारदार टूल, गार जॉब, बरोबर पकड आणि आधी केलेला हिशोब, एवढं जमलं की हेच चिवट मटेरियल लोण्यासारखं कापलं जातं आणि पुढे वर्षानुवर्षं निमूटपणे भार वाहतं.

तुमच्या ओळखीत कुणी टर्नर, फिटर किंवा छोटा कारखानदार असेल तर हा लेख त्यांना जरूर पाठवा. आणि पीयू कापण्याची तुमची स्वतःची एखादी युक्ती असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा!